वरच्या मळ्यातली कोरडी ट्रामीनर

मी, नोटबुर्गा, कै. आलोइस प्लाटनर यांची पत्नी, वय एक्याऐंशी, धंदा द्राक्षशेती, राहणार ट्रामीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याबरोबर तळघरात उतरावे आणि माझे डोळे बांधून कोणत्या पिंपात कोणत्या सालची वाइन आहे ते मला विचारावे.

कलम पहिले. नदीकाठची सफरचंदाची बाग आणि बँकेतील सर्व शिल्लक माझा एकुलता एक मुलगा फ्लोरियान यास द्यावी. कायद्याने त्याचा जो हिस्सा होतो, त्याहून हे कमी नाही. वकिलाकडून तपासून घेतले आहे.

कलम दुसरे. चर्चवरच्या उतारावरील ट्रामीनर द्राक्षांचा मळा, तळघर, पिंपे व दाबयंत्र ही सर्व मिळकत माझी सून कन्सेत्ता हिच्या एकटीच्या नावे व्हावी. गावात यावर बोलणे होणार, म्हणून कारण नोंदवते.

आलोइस बैलगाडी उलटून गेले तेव्हा फ्लोरियान चार वर्षांचा होता. सगळ्या खोऱ्यात तेव्हा लाल वाइनची चलती होती. धाकटे दीर कास्सियान घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, या गुलाबपाण्यावर पोराचं पोट भरणार आहे का? वेल उपटा आणि लाल लावा." मी दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन छाटणी केली. लोक ट्रामीनरची वाइन गोड करत. मी तिच्यातली साखर शेवटच्या कणापर्यंत आंबू दिली. वासाला गुलाब आणि लवंग, जिभेवर मात्र गोडाचा थेंब नाही. अशी कोरडी वाइन विकायला मला बरीच वर्षे लागली. तेवढी वर्षे मी लोकांचे कपडे शिवले, पण वेल उपटला नाही.

पुढे गावच्या वाइन-चाखणीत नावे दिसू नयेत म्हणून बाटल्यांना फडकी गुंडाळून ठेवली होती. कास्सियान भावोजींनी एका बाटलीतला पेला संपवला आणि पुन्हा भरायला सांगितला. फडके मी स्वतः सोडले. बाटली माझी निघाली. म्हणून त्यांना हयातभर दरवर्षी सहा बाटल्या द्याव्यात. अट एवढीच, की पहिली बाटली त्यांनी खानावळीत चारचौघांत उघडावी आणि कोणाची आहे ते मोठ्याने सांगावे.

आता कन्सेत्ताविषयी. ती इटलीच्या पार दक्षिणेकडची. लग्न होऊन आली तेव्हा आमची जर्मन बोली तिला येत नव्हती, आणि गावाने ते तिला विसरू दिले नाही. मी मांडीचे हाड मोडून इस्पितळात होते, त्या शरदात शहरातला एक व्यापारी आला. आंबणे मध्येच थांबवून वाइन गोड ठेवली तर सगळी पिंपे उचलतो म्हणाला. फ्लोरियानने होकार दिला. त्याचा हेतू वाईट नव्हता. इस्पितळाचा खर्च त्याला दिसत होता. माणसे तळघरात उतरली, तेव्हा कन्सेत्ता पिंपांपुढे उभी होती.

"आई घरी येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

फ्लोरियान म्हणाला, "अगं, आईला मी समजावतो."

"तुम्ही आईंना समजावाल. वाइनला कोण समजावणार?"

हे ती आमच्या बोलीत बोलली, आणि व्याकरण एकदाही चुकले नाही. मी कुबड्यांवर घरी आले तेव्हा आंबणे संपून पिंपे शांत झाली होती, वाइन पूर्ण कोरडी उतरली होती. इतकी चांगली माझ्या हातूनही क्वचित झाली आहे. हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे.

फ्लोरियान, रागावू नकोस. तुझ्या ताटात वाढणारीही तीच आहे.

कलम तिसरे. माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला सदर व्यापारी आल्यास त्याला कॉफी द्यावी. वाइन देऊ नये.

कलम चौथे. द्राक्षांची तोड सुरू असताना मी गेले तर तोड थांबवू नये. पिकलेली ट्रामीनर कोणाच्या मरणासाठी खोळंबत नाही, आणि तिने खोळंबावे असे मला वाटत नाही. माझ्यासाठी चर्चची घंटा वाजेल तेव्हा पुरुषांनी टोपी काढावी, आणि मग सर्वांनी ओळ पुरी करावी. कन्सेत्ता सर्वांत पुढच्या ओळीत असावी.

नोटबुर्गा प्लाटनर
(सही)

आम्हा दोघांसमक्ष सही केली. तिसरे कलम सौम्य करा असे सुचवून पाहिले. बाईंनी ऐकले नाही.

साक्षीदार: इंगेनुइन माट्शर, पाववाला (सही)
व्हिगिल सान्टर, चर्चचा घंटावाला (सही)

ट्रामीन, ३ सप्टेंबर १९९६