गुडमारीचा पाला

कार्तिक शु. ५, शके १७८६. अमरावती
वहिनीने सकाळी परसात नेऊन दाखवले. दादा लघवीला बसतो तिथे मुंग्यांची रांग. मधुमेह, दुसरे काही नाही. बाबांना हाच होता. दादाला सांगितले, गोड बंद. हसला. कापसाचा दलाल तो. यंदा भाव असा चढला आहे की सौद्यामागे पेढे, आणि सौदे दिवसभर. घरच्या वैद्याचे कोण ऐकतो.

शु. ११
मेळघाटातून उतरलेल्या कोरकू म्हातारीकडून गुडमारीचा पाला घेतला. दादाला दोन पाने चावायला लावली, मग जिभेवर गूळ ठेवला. म्हणाला, माती आहे. साखर दिली, म्हणाला, वाळू. तोंड बघण्यासारखे झाले होते. सांगितले, गोडाची आठवण झाली की पाने चाव, हाव मरेल. काढाही सुरू.

वद्य ३
संताप नुसता. दादाने माझा पाला बैठकीत वाटला. अकोल्याचे व्यापारी आले होते. त्यांना पाने चावायला देऊन वर पेढे खिलवले आणि हसत बसला. मी पोचलो तर ‘हा आमचा वैद्य’ म्हणून सगळ्यांपुढे उभे केले. जादूगार करून टाकला माझा. एकाने पोतेभर पाला मागितला. न बोलता निघून आलो. बोलायला हवे होते.

मार्गशीर्ष शु. २
दादाने पंधरा दिवस पायाची जखम लपवली! मुंबईहून आणवलेला बूट चावला होता. अंगठा काळा पडलाय, वास येतो. वहिनीलाही शपथ घालून गप्प ठेवलेले. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "तुया पाला रोज खातो ना मी. मंग जिलबी गोड लागतच नाही. जे गोड लागत नाही, ते कावून बाधीन?"
हात उचलला गेला माझा. थोरल्या भावावर. वहिनी मध्ये आली म्हणून...

शु. ३
सारखे तेच डोक्यात. जिभेवर गूळ ठेवला तेव्हा मी नेमके काय सांगितले होते? हाव मरेल, एवढेच? पाला खाल्ला तरी गोड वर्ज्यच, हे बोललो होतो का? बोललोच असणार.
नाही. त्याचे तोंड बघून मीही हसत होतो.

शु. ८. अकोला
गाडीत गवत घालून निजवून आणला. सरकारी डॉक्टर म्हणतो, पाय घोट्यावरून कापावा लागेल. उशीर केला तर गुडघ्यावरून. कापल्यावर वाचेल का, ते सांगत नाही. दादा त्याच्याकडे बघतच नाही. माझ्याकडे बघतो.
"तू सांग. तू म्हणशीन तसं करू."
जन्मात एक शब्द ऐकला नाही माझा, आणि आता हे! उठून बाहेर आलो. माझ्या लेपाने असा पाय एकाचा वाचला होता. दुसरा रोगी दगावला.
वहिनी दोनदा विचारून गेली. डॉक्टर दुपारी उत्तर मागायला येणार. ऊन आता पायरीवर आले आहे.