चार पाटल्या, दोन किल्ल्या

सोमवार, ४ मार्च
बँकेतून हात हलवत परत आले. लॉकर उघडत नाही! माझी किल्ली माझ्या कनवटीला, दुसरी बँकेची. दोन्ही फिरल्याशिवाय दार हलत नाही, आणि ते त्यांची देईनात. काउंटरवरची बाई म्हणते, "आजी, तुमच्या मुलाची दिवाळखोरी कोर्टात लागलीय. त्याच्या नावाचं सगळं बंद."
म्हटलं, दिवाळं त्याचं, पाटल्या माझ्या. माझं सोनं त्याच्या छापखान्यात कधी शिरलं?
"लॉकरवर पहिलं नाव त्याचं आहे ना!"
आहे. मीच घालायला लावलं. फॉर्म भरताना मागे ही रांग — आणि माझी सही म्हणजे शाईत पडलेला मुंगळा. लाज वाटली. म्हटलं, तूच कर बाबा, तुझंच नाव पुढं. घ्या आता!

मंगळवार, ५
जीव थाऱ्यावर नाही. उठते, बसते, किल्ली बघते.
घर महिनाअखेर सोडायचंय. चार पाटल्या मोडल्या तर दोन खोल्यांची अनामत भरता येईल. बावीस वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्या, तेव्हा झाल्यात त्या. फुकटच्या नाहीत.

बुधवार, ६
पोरगा म्हणतो, "आई, राहू दे ना. कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेस?"
म्हटलं, तू गप. स्वतः बुडालास, आता मला काठावर येऊ दे.
सून कुजबुजली, "नका ना बोलू त्यांना. कालपासून जेवले नाहीत."
बरं झालं. एका माणसाचा स्वयंपाक वाचला.

शुक्रवार, ८
कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून अर्ज लिहून घेतला. कोर्टाच्या साहेबासमोर लॉकर उघडायचा, माझं मला द्यायचं. "पाटल्या तुमच्याच कशावरून?" टायपिस्टानं विचारलं. घरी येऊन शोधलं, शिवणयंत्राच्या खणात सोनाराची जुनी पावती सापडली — वजनासकट, माझ्या नावाची! नाचवत पोराला दाखवली. आनंद व्हायला नको? तोंड पांढरं पडलं त्याचं. उठला, तसाच अनवाणी बाहेर गेला.
दिवाळं निघालं की माणसाची अक्कलही जप्त होते वाटतं.

रविवार, १०
दोनदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "काय रे?" तर म्हणे, काही नाही. काही नाही तर हवा अडवू नकोस, म्हटलं.

मंगळवार, १२
आज साहेब भेटला. तरणाच आहे, पण खुर्ची दिली. पावती बघितली, अर्ज बघितला, मग फाईल उलटसुलट केली. म्हणाला, "आजी, तुमच्या मुलानं कोणाकोणाचं देणं आहे ती यादी दिलीय. सातवं नाव बघा."
चष्मा लावला. अक्षर पोराचंच. एकेक अक्षर लावत वाचलं.
'आई. सोन्याच्या चार पाटल्या. तीन वर्षांपूर्वी ती झोपलेली असताना किल्ली घेऊन लॉकरमधून न सांगता काढून विकल्या. देणं बाकी.'
साहेब खाली बघत होता. म्हणाला, "लॉकर उघडू नियमानं. पण आत काही असेल असं वाटत नाही. यादीतलं नाव ठेवायचं ना? सगळ्यांबरोबर वाट्याला येईल ते मिळेल. थोडंच."
ठेवा म्हटलं. खोडू नका. जे तोंडानं निघालं नाही, ते लिहिलंय त्यानं.
घरी आले. पोरगा दारातच होता. म्हटलं, जेवायला बस.