बोटाची शाई मानेपर्यंत

कोथरूड, मंगळवार

ती. ज्ञानदेवभाऊंच्या चरणी धाकटा साडू श्यामसुंदर याचा नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? वाघोलीला पाणी आता रोज येतं का? अक्कांचा खोकला थांबला असेल अशी आशा. आमच्याकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर आपला आवाज ऐकला की मी 'हो भाऊ' म्हणून फोन ठेवून देतो. आपला चि. शुभंकर आमच्या प्रभागातून एकोणीस मतांनी पडला. "रविवारी येतो, आपल्यातलं कोण फुटलं ते शोधून काढतो," असा निरोप आपण हिच्याकडे दिलात. आपल्या मनात माझ्याविषयी किंतु राहू नये, एवढीच काळजी. मी फुटलेलो नाही, भाऊ. पण माझं बोट काय सांगेल याचा भरवसा नाही.

त्याचं असं झालं. आमची नात स्पृहा मज्जातंतूंवर संशोधन करते (उंदरांच्या, माणसांच्या तंतूंना म्हणे परवानगी लागते). ती उंदराच्या पंजात रंग टोचते. तंतूचं टोक तो रंग पिऊन टाकतं, आणि आतले हमाल त्याची गाठोडी पाठीवर घेऊन रुळावरून चालल्यासारखे मुळाकडे निघतात. मूळ पाठीच्या कण्याजवळ. तिथे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं की पेशी झगमगते. मी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला? तर म्हणाली, "कुठली तार कुठे जाते ते कळतं, आजोबा. काही लपत नाही." मी सातवी पास माणूस, पण 'काही लपत नाही' एवढं मला कळलं. मतदानाच्या सकाळी सदऱ्याचं बटण शिवताना डाव्या तर्जनीत सुई घुसली होती, आणि मतदान केंद्रातल्या बाईंनी शाई नेमकी त्यावरच लावली (दोनदा, मी हात मागे घेतला म्हणून). हमाल दिवसाला साधारण वीतभर चालतात. टेपने मोजलं, बोटापासून मानेपर्यंत चौतीस इंच, म्हणजे चार विती. मतदान गुरुवारी, आज मंगळवार. बोटावरची शाईही फिकी झाली आहे. गेली कुठे?

मान जड वाटते म्हणालो, तर स्पृहा म्हणते शाई कातडीवरच राहते आणि कातडीबरोबर झडते, शिवाय कुठल्याच रंगाला मत वाचता येत नाही. ही म्हणाली, "डोक्यापर्यंत काही पोचलं असतं तर आम्हाला आधी कळलं असतं." अशी या घरात माझ्या दुखण्याची किंमत. आता स्पृहाने आपल्यालाही रविवारी तिचं ते यंत्र दाखवायचं ठरवलं आहे.

अक्कांना नमस्कार. लोभ असू द्यावा, निदान रविवारपर्यंत.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. खरं काम राहिलंच. चिन्ह ठरायच्या आधी शुभंकर पाया पडायला आला होता. मी म्हटलं, शिलाई मशीन घे, त्यावर मी चाळीस वर्षं पोट भरलं. तो म्हणाला, "बघू, काका." जन्म पुण्यात काढूनही मी त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा घेतला. सोसायटीतल्या एकतीस ज्येष्ठांना घरोघर जाऊन सांगितलं, नाव बारीक असतं, वाचत बसू नका, शिलाई मशीन दिसलं की दाबा (चौघांना तर मी रिक्षाने नेलं). शुभंकरचं चिन्ह कपाट आहे हे मला माझं बटण दाबून झाल्यावर दिसलं. तरी रविवारचं येणं पुढे ढकलावं ही हात जोडून विनंती.

दुसरा ता. क. निवडून आलेले शिलाई मशीनवाले आताच पेढे देऊन गेले. रविवारी चौकात माझा सत्कार करायचा म्हणतात. मी म्हटलं, बघू. त्यांनी माझ्या फोटोसकट फ्लेक्स छापायला टाकला.