आठ मिनिटं आणि एक तांब्या

२१ जून २०२४, शुक्रवार

आज क्रांती झाली. माझ्या आत.

जळगावला शिक्षक प्रशिक्षणात दुपारच्या सत्रात सिनेमा दाखवला. एक संगीतशिक्षक गरीब वस्तीतल्या शाळेत जातो. ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशा पोरांना वाद्यं शिकवतो. शेवटी मोठ्या शहरातलं अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. मी रडलो. शेजारी एरंडोलचे एक सर घोरत होते. समाज असा झोपलेला आहे.

सिनेमात एकच दोष. नायकाला संवाद फार कमी. तो नुसता हात हलवतो आणि मुलं वाजवतात. विचार पोचणार कसा?

संकल्प: आमच्या शाळेत वाद्यवृंद. माझ्या वर्गात केळी कापणाऱ्या टोळ्यांची मुलं आहेत, पिंजाऱ्यांची आहेत, हमालांची आहेत. यांच्यापर्यंत सूर कुणी पोचू दिला नाही? जाब विचारणार! मला स्वतःला काही वाजवता येत नाही, हा तपशील झाला.

फैजपूरच्या बसमध्येच घोषवाक्य सुचलं. "सूर कुणाच्या बापाचा? ज्याचा गळा त्याचा!" जरा मोठ्याने सुचलं. कंडक्टरने वळून पाहिलं.

२२ जून

मुख्याध्यापिका फालक मॅडमना भेटलो. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "भारंबे सर, गाणं तुम्ही शिकवणार? तुम्ही?" शेवटी शनिवारचा शेवटचा तास दिला. अट एकच, तासात गाणं झालं पाहिजे. अट समजली नाही. गाण्याच्या तासात दुसरं काय होणार?

मंदा म्हणाली, "अहो, तुम्ही आंघोळीतसुद्धा भाषण करता." द्रष्ट्या माणसांच्या बायका अशाच असतात. वाचलेलं आहे.

२९ जून, शनिवार

पहिला तास. मुलं भरपूर. मुख्य तिघं. हसीब, नववी, बोटं कायम बाकावर वाजत असतात. (अशा मुलाला व्यवस्था 'चुळबुळ्या' म्हणते!) पुना, शिंदखेड्याकडचा, बाप टोळीबरोबर इकडे केळी कापायला येतो, पोरगं बोलतं ते सगळं अहिराणीत. आणि नाजमीन, दहावी, खाजाभाई पिंजाऱ्यांची मुलगी. चांगली गाते म्हणतात. मी ऐकलेलं नाही. गेल्या स्नेहसंमेलनात तिचं गाणं माझ्या आभारप्रदर्शनानंतर होतं. मंडपवाल्याला दुसरीकडे लग्न होतं, तो माईक उपटून घेऊन गेला. भांडवलशाही.

तास पद्धतशीर घेतला. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक (मी), मार्गदर्शन (मी). विषय: संगीत आणि शोषण. वेदकाळापासून सुरुवात केली. यादवांपर्यंत आलो तर घंटा झाली. आभार राहिले. गाणंही राहिलं.

१३ जुलै

आज मुघल संपवले. हसीबने हात वर केला. वाटलं शंका आहे. म्हणाला, "सर, आपला काळ कधी येईल?" काय प्रश्न! पोरगं विचार करायला लागलं.

तासाच्या शेवटी पुनाने अर्धा पेला पाणी खिडकीतून फेकलं. माझा संताप झाला. विषय बाजूला ठेवून पाण्यावर बोललो. तापी उशाला आणि उन्हाळ्यात टँकर दाराला, हा आपला खानदेश! तिथेच जाहीर प्रतिज्ञा केली. माझ्यापुढे ठेवलेलं पाणी मी शेवटच्या थेंबापर्यंत पिईन, मग ते पेलाभर असो की घागरभर. मुलांवर फार परिणाम झाला. हसीब आणि नाजमीन एकमेकांकडे पाहत राहिले.

१५ ऑगस्ट

पेटी मिळाली! भजनी मंडळाच्या चुडामण आबांनी जुनी पेटी दिली. "जपून वापरा मास्तर, माझ्या बापाची शे," म्हणाले. मी तिथल्या तिथे सुनावलं, सूर कुणाच्या बापाचा नसतो. आबा म्हणाले, "सूर नसंल, पेटी शे."

झेंडावंदनानंतर लोकार्पण ठेवलं. मी कर्मकांड मानत नाही. नारळ फोडला तो केवळ लोकाग्रहास्तव. लोक म्हणजे शिपाई छगन. दगड सापडेना म्हणून ज्या बाकावर पेटी होती त्याच्याच कडेवर फोडला. नारळ भलताच पाणीदार निघाला. सगळं पाणी पेटीत.

आता भाता हलवला की एकच सूर वाजतो आणि थांबत नाही. फालक मॅडम म्हणाल्या, "चला, तुम्हाला जोडीदार मिळाला." विनोद कळला नाही.

दोष नारळाचा.

२१ सप्टेंबर

वाद्यांचा प्रश्न सुटत नव्हता. हसीबने केळीचे रिकामे क्रेट आणले आणि उलटे करून वाजवायला घेतले. आधी मनाई केली. मग लक्षात आलं, क्रेट हे श्रमाचं प्रतीक आहे! त्यावर तासभर बोललो. क्रेट समोर होते, कुणाला हात लावू दिला नाही. प्रतीकाची विटंबना नको.

मधे घसा कोरडा पडला. पेल्याऐवजी पुनाने लोटा आणला. "सर, पानी पी ल्या. बठ्ठं पी ल्या." गुरूविषयी केवढी माया! सगळं प्यायलो. पिताना मागे कुणीतरी गुणगुणत होतं. छान होतं, पण शिस्त म्हणून लोटा खाली ठेवताच थांबवलं.

५ ऑक्टोबर

पत्र आलं. डिसेंबरात जळगावला आंतरशालेय कलामहोत्सव. प्रत्येक शाळेला आठ मिनिटं. आठव्या मिनिटाला पडदा पडणार, सबब ऐकली जाणार नाही.

आठ मिनिटं! गोरगरिबांच्या शतकांच्या मौनाला आठ मिनिटं! निषेधाचं पत्र लिहिणार होतो. फालक मॅडमनी मसुदा वाचला. पानं जरा जास्त झाली होती. म्हणाल्या, "सर, हे वाचायलाच आठ मिनिटांहून जास्त लागतील."

ठरवलं. मी फक्त अर्धं मिनिट बोलणार. उरलेला वेळ मुलांचा. वज्रनिश्चय.

२६ ऑक्टोबर

खाजाभाईंकडे गेलो. नाजमीनला जळगावला न्यायची परवानगी हवी होती. कापसाच्या ढिगाऱ्यात बसूनच त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ले जाओ सर. लेकिन गाएगी तो ले जाओ. पिछली बार नए कपडे पहन के गई थी, बैठ के वापस आ गई. अब दसवीं के बाद कौनसा स्टेज मिलनेवाला है उसको." मी शब्द दिला. शब्द देताना थोडं बोललो. नाजमीनच्या अम्मी मेहरुनभाभींनी चहा दोनदा गरम केला.

बाहेर पडताना नाजमीन दारात उभी होती. म्हणाली, "सर, अर्धं मिनिट ना?" मी म्हणालो, बेटा, हा तोंडचा शब्द आहे.

ती म्हणाली, "त्याचीच भीती वाटते."

बिचारीला स्टेजची भीती दिसते. धीर द्यायला हवा.

१६ नोव्हेंबर

अर्ध्या मिनिटाचं भाषण लिहून काढलं. पहिला मसुदा चाळीस मिनिटांचा झाला. काटछाट चालू. सव्वीस मिनिटांवर आणलं आहे. याहून कमी करणं म्हणजे विचाराचा खून.

मुलांची तालीम अजून झालेली नाही, पण मानसिक तयारी जबरदस्त. तासाला सगळी वेळेवर येतात, शांत बसतात, घंटा झाली की पळत सुटतात. कुठे पळतात कुणास ठाऊक. परवा घरी गेलो तर अंगणात क्रेट पडलेले. मंदाला विचारलं तर म्हणाली, केळीवाला ठेवून गेला.

३० नोव्हेंबर

पुना घरी आला, मंदाकडे मोठा तांब्याचा तांब्या मागितला. माझ्या सासूबाईंनी दिलेला, कळशीहून थोडा लहान. मंदा कुणाला चमचा देत नाही. हा न विचारता दिला. म्हणे, महोत्सवात सरांचा घसा सुकेल.

फालक मॅडमनी मला थांबवून विचारलं, "सर, पूर्ण तांब्या प्यायला तुम्हाला किती वेळ लागतो?" प्रकृतीची एवढी काळजी पहिल्यांदाच केली. म्हणालो, कधी मोजलं नाही. त्या म्हणाल्या, "मुलांनी मोजलं असेल."

१४ डिसेंबर

शेवटचा तास. आज मी खरोखर गाणं घेणार होतो. पण मुलांना एवढं तरी कळायला हवं की आपण का गातो. ते सांगता सांगता घंटा झाली.

हसीब म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. तुम्ही फक्त बोला." याला म्हणतात शिष्य!

एक सूचना त्याने केली. घोषवाक्याचा पहिला भाग म्हणायचा, "सूर कुणाच्या बापाचा?" आणि तिथेच थांबून पाणी प्यायचं. "परिणाम येईल सर." वक्तृत्वातला विराम याला न शिकवता कळला! ही माझी शिकवण.

२१ डिसेंबर, शनिवार

विजय! दणदणीत विजय! बसमध्ये बसूनच लिहितो आहे.

सभागृह खच्चून भरलेलं. आमच्या आधी दोंडाईच्याची एक शाळा, तबले, व्हायोलिनं, सगळ्यांना सारखी जॅकेटं. आमच्या मुलांनी उलटे क्रेट आणि ती एकसुरी पेटी मांडली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "केळी उतरवायला आले का रे?" हशा. माझं रक्त उसळलं. माईक हातात घेतला.

अर्धं मिनिट बोलणार होतो. पण त्या हशाला उत्तर देणं इतिहासाची मागणी होती. उत्तर दिलं. आवाज असा लागला होता! नाजमीन शेजारी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मधे हळूच म्हणाली, "सर, घोषवाक्य." मी विसरलोच होतो. म्हणालो, "सूर कुणाच्या बापाचा?"

आणि थांबलो. विराम. पुनाने तांब्या पुढे केला. तोंडाला लावला.

मागून मुलं गरजली, "ज्याचा गळा त्याचा!" क्रेट वाजायला लागले. छगनने पेटीचा भाता हलवला. आणि नाजमीन गायला लागली. कापूस पिंजतानाचं काहीतरी होतं, तिच्या दादीचं असावं. माझं अंग शहारलं, पण पाणी संपेना. हजार माणसांसमोर, पाण्यावर भाषणं केलेल्या माणसाने तांब्या अर्धा ठेवायचा? जमणार नाही! पीत राहिलो. संपला. माईककडे हात नेला, तर पुना म्हणाला, "सर, आखो एक शे."

दुसरा संपायच्या आत पडदा पडला. भाषण सुरुवातीलाच राहिलं. तरी सभागृह उभं! टाळ्या थांबेनात! अपूर्ण भाषणाला एवढ्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

पहिला क्रमांक. बस वाटेत दोनदा थांबवावी लागली. माझ्यासाठी.

२२ डिसेंबर

व्हॉट्सअपवर व्हिडिओ फिरतो आहे. पाहिला.

मी बोलतो आहे तो भाग कुणीतरी कापला आहे. सुरुवात "बापाचा?" पासून. मग नाजमीन गाते, हसीब वाजवतो, आणि मधोमध एक माणूस तांब्या तोंडाला लावून उभा. शेवटपर्यंत उभा. कंठमणी क्रेटच्या ठेक्यावर खालीवर होतो आहे.

खाली लोकांनी लिहिलंय, "मुलगी काय गाते!" "क्रेटवाला जबरा." "पाणीवाले काका एक नंबर."

मंदाला म्हणालो, हा कट आहे. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "हो, आहे. रोज आपल्याच अंगणात तालीम व्हायची. तुमच्या जागी तांब्या घेऊन मी उभी राहायचे." आणि वर म्हणाली, "तुमचा एक तांब्या गाण्याला पुरत नव्हता. दुसरा मीच सुचवला."

मी हादरणार नाही. विचार पोचवायला माझा देह वापरला गेला, एवढंच.

२४ डिसेंबर

खाजाभाई आले. नवी उशी घेऊन आले, ताज्या कापसाची. दारातच उभे राहून म्हणाले, "सर, आपने इतनी देर पानी पिया, बच्ची पूरा गाना गा सकी. आपका एहसान है."

यावर बोलण्यासारखं खूप होतं. तोंडच उघडलं नाही. उशी घेतली.

फक्त आजच्या दिवसापुरतं.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

नवीन नावाचा धुळ्याचा तरुण आला. या मुलांवर सिनेमा काढतो आहे. छोटा, पण सिनेमा! मला वाटलंच होतं. इतिहासाला यावंच लागतं दाराशी.

म्हणाला, "सर, तुमची भूमिका तुम्हीच करायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्रेममध्ये तुम्ही." मी विचारलं, संवाद किती?

"संवाद नाहीत सर."

बाणेदारपणे सुनावलं. जून महिन्यातच मी या प्रकारच्या सिनेमाचा हा दोष दाखवून दिला होता! निदान घोषवाक्य तरी माझ्या तोंडी हवं. तो म्हणाला, ते नाजमीनला दिलंय. "सर, तोंडात पाणी असताना तुम्ही बोलणार कसे?"

हात तरी हलवू का, विचारलं. म्हणाला, एक तांब्याला लागेल, दुसरा हलवा.

स्पष्ट नकार दिला. मग शूटिंगची तारीख विचारून घेतली.

संध्याकाळी मंदाने सरावासाठी तांब्या भरून ठेवला. जाहीर निषेध म्हणून अर्धाच प्यायलो आणि खाली ठेवला. मंदा म्हणाली, "तापी उशाला आणि टँकर दाराला."

उरलेला प्यायलो.