शेवटचे सहा ब्लाइंड

९ नोव्हेंबर

पुन्हा तोच मूर्खपणा! माझा नाही — त्या गॉगलवाल्याचा. बंद खोलीत, पंख्याखाली, गॉगल लावून पोकर खेळतो. डोळे दिसू नयेत म्हणे. डोक्यात काही नाही ते लपवायला काय लावणार?

दुपारची क्लबातली स्पर्धा. दर वीस मिनिटांनी घंटा होते आणि ब्लाइंड वाढतो — पानं बघायच्या आधीच पाळीपाळीने ज्या चिप्स, पैशांऐवजीच्या चकत्या, मध्ये टाकाव्या लागतात, त्या. पहिले दोन तास कुणाला जाणवत नाही. पाचव्या तासाला तोच ब्लाइंड माणसाला सोलून काढतो. गॉगलवाल्याकडे दहा ब्लाइंडचा ढीग होता. तेव्हा सगळं पुढे ढकललं असतं तर समोरच्यांनी दोनदा विचार केला असता. पण नाही! महाराज चांगल्या पानांची वाट बघत बसले. सात उरले. पाच उरले. दोन उरल्यावर छाती काढून म्हणतो, "ऑल-इन!" तिघांनी नीट न बघताच कॉल केला, तेवढ्याच चिप्स लावून आव्हान घेतलं. दोन ब्लाइंडला कोण भितं?

जाताना वर आम्हालाच सांगतो, "आज पानंच आली नाहीत."

मी तिसरी. दहाच्या खाली गेले की मी वाट बघत नाही. ढकलते. मरायचंच तर दात दाखवून तरी.

१२ नोव्हेंबर

कारखान्यात शाळेच्या गणवेशाची ऑर्डर. टेबलावर साठ थर कापड अंथरलेलं, वर खडूच्या खुणा. सुपरवायझरने नवा माणूस आणून उभा केला. "ताई, कापायचं मशीन देऊ का याच्या हातात?" मी म्हटलं, नको. अंगठा बघा त्याचा, कसा ताठ धरलाय. सुपरवायझरला वाटलं मी उगाच खोड काढतेय. दिलं मशीन. अर्ध्या तासात साठ बाह्या वाकड्या!

तीस वर्षं कटिंग करतेय. चेहरे खोटं बोलतात, हात बोलत नाहीत. टेबलावर तेच, पत्त्यात तेच.

१५ नोव्हेंबर

मोठ्या स्पर्धेला नाव दिलं. लेक म्हणाली, "आई, जिंकलीस तर पार्टी." हरले तर काय, ते नाही विचारलं. शहाणी आहे.

२२ नोव्हेंबर

हॉटेलचा हॉल. सकाळी दहाला सुरू. दोनशे माणसं आणि प्रत्येकाला वाटतंय आपणच एकटे हुशार.

जेवणानंतर माझं टेबल बदललं. नव्या टेबलावर समोरच्या खुर्चीत कोण — दादा! माझा सख्खा भाऊ. साडेतीन वर्षांनी दिसला, तोही पत्त्यांच्या टेबलावर.

पत्ते त्यानेच शिकवले मला, हे मान्य. पण लेकीने दुकान काढलं तेव्हा एक पाटी रंगवून दे म्हटलं होतं. जन्मभर पाट्या रंगवल्या माणसाने, गावभर त्याची अक्षरं. तर सख्ख्या भाचीला म्हणाला, "वेळ नाही." आणि फ्लेक्सवाल्याचा नंबर दिला! वेळ नाही. त्यानंतर मी फोन केला नाही. त्यानेही नाही. आणि इथे दिवसभर पत्ते कुटायला बरा वेळ आहे!

"खेळतेस अजून?" म्हणाला.

"दिसतंय ना."

"अजून तशीच ढकलतेस का?"

"आणि तू अजून तसाच अंडी उबवतोस?"

हसला. हात मांडीखाली घालून बसला होता, थंडी वाजल्यासारखा. चहा आला तर नको म्हणाला. पूर्वी दिवसाला दहा कप ढोसायचा. "सोडला," म्हणे. साधू झालाय!

पुढे दोन तास हूं नाही की चूं नाही. आलं पान की टाक, डाव सोड; आलं पान की टाक, डाव सोड. माझ्या शेजारी एक दातांचा डॉक्टर होता, त्याला मी म्हटलंसुद्धा, "हा ब्लाइंड भरत भरत मरणार बघा." डॉक्टर मला टक्केवारी समजावू लागला. तोंड उघडलं की टक्केवारी! याच्या पेशंटला आधी भूल देत असेल ती बडबड ऐकू नये म्हणून.

संध्याकाळी सहाला पत्ते थांबले. चोवीस जण उरलो. मी आहे. दादाही आहे, कसा कोण जाणे.

२३ नोव्हेंबर

सगळं लिहून टाकते, नाहीतर झोप लागणार नाही.

बक्षीस पहिल्या पंधरांना. सकाळी अकराच्या सुमारास सोळा उरलो. म्हणजे आता जो जाईल तो रिकाम्या हाताने जाईल, दीड दिवस बसून. माझ्याकडे अकरा ब्लाइंड. दादाकडे जेमतेम चार. आणि आम्ही पुन्हा एकाच टेबलावर.

मी मनात म्हटलं, आता हा चारावरून दोनावर येणार. तर या पठ्ठ्याने ढकललं! सगळा ढीग. आणि ढकलताना हात असा थरथरला की चिप्स खुळखुळल्या.

डॉक्टरने पानं टाकली. माझ्या कानात म्हणाला, "हात थरथरला की समजायचं, एक्के आहेत." हे सगळ्या पोकरवाल्यांना पाठ असतं — थापाड्याचा हात दगडासारखा स्थिर राहतो, खरी पानं आली की थरथरतो. सगळ्यांनी टाकली. दादाने न दाखवता ब्लाइंड ओढून घेतले.

दोन डावांनी पुन्हा. तोच थरथरता हात, पुन्हा सगळे गार. तिसऱ्यांदाही! गॉगलवालाही होता तिथे. त्याने तर दोन दश्श्या टाकल्या, वर आम्हाला दाखवून मान डोलावली. काय तर म्हणे शिस्त!

तेव्हा माझी ट्यूब पेटली. एवढे एक्के कुणालाच येत नाहीत. नाटक करतोय! माझा भाऊ पंधरा जणांसमोर हात थरथरवून दाखवतोय आणि ही शहाणी माणसं घाबरतायत. मनात थोडं कौतुक वाटलं, खरं सांगायचं तर. पण राग जास्त. साडेतीन वर्षांचा राग होता, त्याला वाट मिळाली.

घंटा झाली. ब्लाइंड वाढले. त्याच्याकडे आता सहा. मोठा ब्लाइंड माझा, म्हणजे बोलायची शेवटची पाळी माझी. त्याने ढकललं. हात लटलट. सगळ्यांनी पानं टाकली, माझ्यापर्यंत आलं. माझ्याकडे एक्का-सत्ती. हरले असते तर माझ्याकडे चार-पाच ब्लाइंड उरले असते, मग संपलंच. डॉक्टर कुजबुजला, "ताई, टाका, टाका."

मी नाही टाकली. मोठ्याने म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं — "बंद कर रे ते नाटक! लहानपणी शाळा बुडवायलासुद्धा यापेक्षा बरं करायचास! कॉल!"

सगळे हसले. गॉगलवाला टेबलावर हात आपटून हसला.

दादाने पानं उलटली. राणी आणि पंजी. नुसता कचरा! मधली पाच सामाईक पानं उघडली, त्याला काही लागलं नाही. मी जिंकले. सोळावा गेला. पंधराही जणांना हायसं वाटलं, टाळ्या वाजल्या.

तो उठला. सावकाश खुर्ची मागे सारली. माझ्याकडे बघून म्हणाला, "पकडलंस गं. बरोबर पकडलंस." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. उलट खूश! मग हात खिशात घालून निघून गेला. हात मिळवला नाही कुणाशी.

मी पुढे नववी आले. दोन गुलाम घेऊन ढकललं, डॉक्टरने एक्का-राजाने कॉल केला, शेवटच्या पानावर राजा आला. त्यावर त्याने मला टक्केवारी सांगितली.

२४ नोव्हेंबर

नववी! लेकीने पार्टी मागितली. दिली.

दादाचं सांगितलं तिला. हसेल वाटलं होतं. "सगळ्यांसमोर बोललीस?" एवढंच म्हणाली.

बोलले तर बोलले. नाटक्याला नाटक्या म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

२७ नोव्हेंबर

खूश कशाला झाला तो?

२९ नोव्हेंबर

वहिनी आली होती कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभ्या उभ्याच बोलली. दादाला पार्किन्सन्स आहे. चार वर्षं होत आली. कुणालाही सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातलीय. बटणं ती लावते. जेवण चमच्याने, तेही दार लावून.

आणि मी सगळ्या हॉलला ऐकवलं होतं, नाटक बंद कर.

"तुम्ही रडू नका वन्सं, त्यासाठी नाही आले मी," म्हणाली. "स्पर्धेहून आले तेव्हापासून हसतायत. चार वर्षांत असे हसले नव्हते. म्हणाले, सगळे मला सांभाळून घेतात, तिने एकटीने मला धडधाकट समजून धुतलं."

मग माझा हात धरला. "त्यांना कळू देऊ नका तुम्हाला कळलंय ते."

पुढच्या रविवारी त्याने मला खेळायला घरी बोलावलंय. जाणार आहे. शिव्या घालणार आहे.