गमबूट धुऊ नका

आई,

तुमचा फोन घरीच राहिलाय, म्हणून लिहून ठेवते. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

त्रिंबकमामा चहाला आले की सांगा, आज शेळ्या कंपनीमागच्या तळ्यावर पाण्याला अजिबात नेऊ नका. "लई बघितलं असलं पाणी," असं म्हणतील, तरी त्यांना तिकडं जाऊ देऊ नका. मी सकाळी पक्षी बघायला गेले तर काठानं बदकं मरून पडलेली. जी जिवंत होती, त्यांना मान उचलता येत नव्हती. पाणी जांभळं झालंय. कशामुळं, ते मला अजून माहीत नाही. बाटलीत थोडं भरून घेतलंय. एका बदकात धुगधुगी आहे, त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेते. तुमची भाकरीची टोपली घेतली, दुसरं काही सापडलं नाही.

आणखी एक. हे कंपनीतल्या रात्रपाळीहून येऊन झोपलेत. तुम्ही रोज यांचे गमबूट धुऊन ठेवता, आज धुऊ नका. तळव्यांना तोच जांभळा गाळ आहे. बूट दाराशी होते तिथंच आहेत, मी हलवले नाहीत.

यांना उठवू नका. जागे झाले तर चहा द्या, पण बुटांचा विषय काढू नका. ते मीच विचारीन.

अपेक्षा