आईचे एक्कावन्न, अक्षरी

राजापेठ, अमरावती. दि. १४ डिसेंबर २०२५.

सुगत, दोन वर्षे तुझा फोन उचलला नाही, त्याबद्दल आधी माफी. पुढची कलमे मात्र त्यामुळे मऊ होणार नाहीत.

मी, माया देवमन तायडे, वय सत्तेचाळीस, गणिताच्या शिकवणीवर जगणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर साधे म्हणतात. तरी मागे गोंधळ नको.

एक. सर्व रकमा अक्षरांत लिहिल्या आहेत. आकड्यामागे शून्य चिकटवायला पेनाचा एक फेरा पुरतो. 'सात लाख'चे 'सत्तर लाख' करायला खाडाखोड करावी लागते, आणि ती दिसते.

दोन. माझे दोन खोल्यांचे घर माझ्याजवळ राहणारी आई भागीरथा हिच्या हयातीत तिचे; नंतर धाकटा भाऊ सुगत याची मुलगी पिंकी हिचे. एकोणऐंशी म्हणजे किती, हे पिंकीला न अडखळता सांगता येईपर्यंत तिने भिंतीवरचा फळा काढू नये.

तीन. बँकेतील ठेव रुपये सात लाख त्र्याऐंशी हजार चारशे. पैकी सहा लाख आईच्या सांभाळासाठी. ते सुगतने पाहावे. भांडण माझ्याशी आहे, तिच्याशी नाही.

चार. उरलेले एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे अकोल्याच्या आपल्या विहाराला, एका अटीवर: देणगीदारांची पाटी नव्याने कोरावी, त्यात प्रत्येकाचे नाव यावे आणि रक्कम आकड्यांत नव्हे, अक्षरांत असावी.

कारण नोंदवते. विहार बांधताना आईने निंदणाच्या मजुरीतले एक्कावन्न रुपये दिले. पाटी लागली तेव्हा पाचशेच्या खालची नावे गाळली. समितीचा चिटणीस सुगत. त्याचे एक लाख अकरा हजार सर्वांत वर.

"आईले गाळलं तू?"

"ताई, कोरणारा अक्षरावर पैसे घेते. पाटी केवढी करू? अन् आईच नाही मने."

आई म्हणाली होती खरी: "माहं नाव कायले पाह्यजे दगडावर? मी मेली का आताच?" पण विहारात गेली की ती पिंकीकडून पाटी वाचून घेते. शेवटचे नाव झाले की विचारते, "झालं?"

अक्षरांत कोरले की सुगतची एक ओळ, आईचीही एक ओळ. हे मी आईसाठी करते की सुगतला खाली ओढायला, असे स्वतःला विचारले. दोन्हीसाठी. अट कायम.

शेजारच्या सीमाताईंनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरे शेजारी पंजाबराव चौथे कलम वाचून पेन खाली ठेवून बसले.

"मॅडम, म्हातारी जिती हाये न? मंग तिनं पाटी पाहाले तुमच्या मरायची वाट पाहाची काय?"

सीमाताई हसल्या. मला हसू आले नाही.

कलम चार रद्द. ती रक्कम मी हयातीत, त्याच अटीवर, स्वतः देईन. त्यातून काही उरले तर ते आईचे. खोडल्या जागी तिघांच्या सह्या आहेत. ऑपरेशन पुढे ढकलणार नाही, आणि पाटीही नाही.

लिहून देणार: माया देवमन तायडे (सही)

साक्षीदार: सीमा विपुल गावंडे (सही), पंजाबराव बोंडे (सही)

उद्याचे काम: सकाळी सुगतला फोन करणे. कोरणाऱ्याला विहारात बोलावून ठेव म्हणावे, आईला घेऊन येते.